मिरचीच्या रानात औजार कधी घालायचं, कधी थांबायचं?

काळी_जमीन (भोकरदन)

मंडळी, राम राम.

आमच्याकडे उन्हाळी मिरची मे महिन्यात लागते, ठिबकवर. जूनचे दोन पाऊस झाले की रान हिरवं होतं आणि ज्याला त्याला कोळप्याची घाई सुटते. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात चार शेतकरी भेटले की बोलणं भावावर आणि बोकड्यावर, म्हणजे पानं वळण्याच्या रोगावर. तणाचा विषय निघालाच तर "कोणतं औषध मारलं" एवढ्यावर संपतो. हा विषय मला नीट लावून धरायचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

माझं म्हणणं असं की मिरचीतल्या तणाचा निकाल लागवडीच्या आधी लागतो, रोप लागल्यावर आपण करतो ती डागडुजी. मिरची सुरुवातीला फार सावकाश वाढते. सोयाबीन महिनाभरात जमीन झाकायला लागतं. मिरचीचं रोप मात्र लावल्यावर पहिले पंधरा दिवस नुसतं तग धरून असतं, तेवढ्यात माठ, घोळ, केना, शिप्पी तिच्या उंचीला येतात. पहिले दीड-दोन महिने रान स्वच्छ राहिलं तर पुढे झाडाची सावली बरंच काम करते. या काळात तण माजलं तर नंतर कितीही मजूर लावा, फांद्यांचा फुटवा हवा तसा येत नाही.

आता मशागत. पूर्वी उन्हाळ्यात खोल नांगरट, मग जमीन तापू द्यायची, मग वखराच्या पाळ्या, असा क्रम होता. आता मक्याची धाटं काढली की सरळ रोटाव्हेटर, आणि लागवडीआधी पुन्हा रोटाव्हेटर. वरची चार-पाच इंच माती पिठासारखी होते, बघायला छान वाटते. खाली मात्र पात्यांच्या तळाशी दरवर्षी त्याच खोलीवर कडक थर बसत जातो. आमच्या भागात त्याला तवा धरला म्हणतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत पाणी त्या तव्यावर थांबतं, मुळ्या गुदमरतात आणि झाडं उभ्या उभ्या माना टाकतात. आपण त्याला मर म्हणतो आणि बुरशीनाशकाची आळवणी करत बसतो. बुरशी असतेच, नाही असं नाही. पण तिला आयतं घर आपण करून दिलेलं असतं.

तिसरी गोष्ट कोळपणीची खोली. ऑगस्टमध्ये मिरचीचं एखादं झाड पाण्याने माती सैल करून हळूच उपटून बघा. ट्रेमधून काढून लावलेल्या रोपाचं सोटमूळ बियांवरून उगवलेल्या झाडासारखं सरळ खाली जात नाही. बाजूच्या मुळ्याच जास्त, आणि त्यांचा मोठा भाग वरच्या वीतभर मातीत, दोन ओळींच्या मधल्या जागेपर्यंत पसरलेला. आता तिथून चार इंच खोल पास, म्हणजे कोळप्याचं पातं, गेली तर काय होतं ते मुळ्या हातात धरल्यावर सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झाड सुकल्यासारखं दिसतं, चार दिवसांनी फुलं गळतात, आणि दोष जातो ढगाळ हवेला.

म्हणून पहिली कोळपणी रोपं लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, नंतरची त्याहून उथळ, आणि झाडं ओळीत एकमेकांना भिडायला लागली की औजार बंद, असं मी धरून चालतो. तुमच्याकडे काय पद्धत आहे? मल्चिंगवाल्यांनी आणि कोरडवाहूवाल्यांनी दोघांनीही लिहा.

पथारीवाला (नंदुरबार)

भाऊ, मुद्देसूद लिहिलंत. आमच्याकडे लाल मिरचीचं काम. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली कोणी पाहिली नसेल असा माणूस खानदेशात सापडायचा नाही. तणाचा आणि पथारीचा संबंध लोकांना लागत नाही, पण आहे. तणात दबलेल्या झाडाचा माल उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी पिकतो, दाटीत हवा खेळत नाही आणि फळकुज वाढते. डाग पडलेली मिरची पथारीवर टाकली की पांढरी फटक होते, तिला फटकीचा भाव.

मी मल्चिंगवाला आहे. वाफ्यावर २५ ते ३० मायक्रॉनचा प्लास्टिकचा पेपर, चंदेरी बाजू वर, काळी खाली. काळ्या बाजूमुळे उजेड जात नाही म्हणून तण मरतं, आणि चंदेरी बाजूचा उजेड पानाखालून वर फेकला जातो म्हणून पांढरी माशी आणि फुलकिडे सुरुवातीला कमी बसतात. झाड मोठं होऊन पेपर झाकला की हा दुसरा फायदा संपतो, पण रोप कोवळं असतानाचे ते दिवसच महत्त्वाचे. व्हायरस जितक्या लवकर लागेल तितकं नुकसान जास्त.

पण ज्या रानात लव्हाळा आहे तिथे पेपरचा भरवसा धरू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पेपर आरपार फोडून वर येतो. माठ-घोळ पेपरखाली पिवळे पडून मरतात, हा मरत नाही. एकदा पेपर फाटला की ओल त्या भोकातून जाते आणि खुरप्याने उकरायला गेलं की पेपर आणखी फाटतो. त्यामुळे "लागवडीआधी निकाल" हे तुमचं वाक्य मल्चिंगला तर दुप्पट लागू.

काळी_जमीन (भोकरदन)

भाऊ, लव्हाळ्याचं तुम्ही कसं करता? आमच्या खालच्या वावरात भरपूर आहे.

पथारीवाला (नंदुरबार)

त्या रानात रोटाव्हेटर पूर्ण बंद. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत मण्यांच्या माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ उगवते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. पात्याने माळ तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतंत्र उगवते. वर रोटाव्हेटरला चिकटून या कोपऱ्यातल्या गाठी त्या कोपऱ्यात जातात.

एप्रिल-मेमध्ये पलटी नांगराने खोल नांगरून ढेकळं तशीच उन्हात सोडायची. गाठ कोरडी झाली की मरते, तिला ऊन सोसत नाही. पण मध्येच अवकाळी पाऊस झाला तर ती पुन्हा ओल धरते, मग परत एक पाळी द्यावी लागते. एका उन्हाळ्यात संपत नाही, सलग दोन-तीन उन्हाळे लावून धरलं तर फरक दिसतो.

हिरण्यकेशीकाठ (गडहिंग्लज)

वाचतोय. आमच्याकडे संकेश्वरी, जवारी मिरची. पावसावरची. भांगलण, म्हणजे खुरपणी, दोन वेळा, मध्ये कोळपा, आणि फुलं लागायच्या आत मातीची भर. ही भर मला फार मोलाची वाटते. ओळीतलं बारीक तण मातीखाली गाडलं जातं, बुंध्यापाशी पाणी थांबत नाही आणि वाऱ्यात झाड लोळत नाही. कोळप्याने जे ओळीतलं तण निघत नाही ते भर लावताना आपोआप दबतं.

पण मला वेगळ्याच गोष्टीवर लिहायचं आहे, कारण त्यानं आमच्या गल्लीतल्या एका घराचं वर्षाचं पीक गेलं. आमच्या भागात ऊस आणि मिरची बांधाला बांध लागून. उसात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. ऊस गवतवर्गीय, त्याला काही होत नाही. मिरचीला त्याचा वाससुद्धा चालत नाही. शेजारच्या उसात वारं सुटलेलं असताना फवारणी झाली आणि आठवड्यात या बाजूच्या मिरचीचे शेंडे वळले, पानं दोरीसारखी बारीक झाली. ज्या दुकानात पान नेऊन दाखवलं तिथं व्हायरस सांगितला आणि तीन औषधं दिली. तीनही मारली. झाडाला व्हायरस नव्हताच, तर औषध काय करणार?

हे ओळखायचं कसं, कोणी जाणकार असेल तर सांगा. दरवर्षी एकाचं तरी असं होतं.

वाफसा

मी कृषी पदवीधर, सध्या स्वतःचीच शेती. हिरण्यकेशीकाठ यांनी काढलेला मुद्दा फार गंभीर आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

आधी झाडाकडे न बघता रानाकडे बघा. टू-फोर-डीचा फटका एका बाजूने येतो. ज्या दिशेने वारं होतं त्या बांधाकडच्या ओळींना सगळ्यात जास्त, आत जाल तसा कमी कमी. आणि सगळ्या झाडांवर तो एकाच आठवड्यात दिसतो. व्हायरस असा येत नाही. इथे एक झाड, तिथे दोन, मग त्यांच्या आजूबाजूला, असा ठिपक्यांनी पसरत जातो, आणि पानाखाली पांढरी माशी सापडते.

मग पान बघा. टू-फोर-डीमध्ये नवी पानं अरुंद होतात, शिरा एकमेकींना समांतर आणि जवळजवळ आलेल्या दिसतात, देठ खाली पिळवटतो, खोड कधीकधी सुजून तडकतं. फवारणीच्या आधी पूर्ण वाढलेली पानं बहुतेक ठीक असतात. व्हायरसच्या चुरड्यात पान वर वळून लहान आणि जाड होतं, शिरा फुगतात, झाड खुजं राहतं. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वर वळून होडीसारखं होतं. कोळी या बारीक किडीमुळे कडा खाली वळतात आणि देठ लांबतो. या चारही गोष्टींना आपण सरसकट बोकड्या म्हणतो, तिथेच औषध चुकतं.

टू-फोर-डीच्या एस्टर प्रकाराची फवारणीनंतरही वाफ होते. वारं नसताना मारलं तरी दुपारी तापल्यावर ती वाफ शेजारी जाऊ शकते. म्हणून मिरची, टोमॅटो, कापूस, द्राक्ष शेजारी असेल तर ते मारूच नये. आणि ज्या पंपाने तणनाशक मारलं तो पंप मिरचीला वापरू नका. नुसत्या पाण्याने विसळून भागत नाही, पाइप, नोझल आणि वॉशरमध्ये अंश राहतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाने खूण करा.

आता काळी_जमीन यांच्यासाठी एक. तुमच्याकडे मक्यावर मिरची येते. मक्यात ॲट्राझीन हे तणनाशक मारलं असेल तर ते जमिनीत मागे राहू शकतं, आणि आपल्या चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास असलेल्या काळ्या जमिनीत ते जास्त दिवस टिकतं. पाऊस कमी झाला असेल तर आणखी. मिरचीची रोपं लागतात, आठ-दहा दिवस बरी दिसतात, मग खालच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. वरून खाली नाही, खालून वर. शंका असेल तर लागवडीआधी त्या रानातली माती कुंडीत भरून काकडी किंवा मोहरी पेरून बघा. दोन-तीन पानांवर येऊन करपली तर त्या रानात मिरची लावायची घाई करू नका. खर्च काहीच नाही.

काळी_जमीन (भोकरदन)

खालून वर करपणं! गेल्या वर्षी आमच्या शिवारात दोघांच्या रानात हेच होतं आणि सगळे जण अन्नद्रव्याची कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्यं सोडत होते. कुंडीची परीक्षा गावात सगळ्यांना सांगतो.

धानपट्टा (भिवापूर)

आमच्याकडे अजूनही काही जण बिनपाण्याची भिवापुरी मिरची घेतात. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मजूर काही मिळाले नाहीत. ठिबक नाही, पेपर नाही. डवरा (तुमचा कोळपा) आणि निंदण, एवढंच.

कोरडवाहूत डवरणी फक्त तणासाठी नसते हे सांगायला आलो. पाऊस उघडला की काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्या भेगांतून ओल उडते आणि मुळ्या ताणून तुटतात. वरचा दोन बोटं थर मोकळा केला की भेगा बुजतात. जुनी माणसं डवरणीला अर्धं पाणी म्हणत, ते याच कारणानं. म्हणून झाडं भिडली की औजार बंद, हे काळी_जमीन भाऊंचं म्हणणं ठिबकवाल्यांसाठी पटतं, पण सप्टेंबरात पंधरा दिवस पाऊस गेला तर आम्हाला एक हलकी डवरणी द्यावीच लागते. बैलाच्या तोंडाला मुस्कं बांधून, आणि पास आखूड लावून.

वाफसा येण्याआधी, म्हणजे जास्तीची ओल उतरून रान कामाजोगं होण्याआधी, मात्र डवरा घालू नका. ओल्या चिकणमातीत पास गेली की वरून लादी बसते आणि उपटलेलं तण पुन्हा मूळ धरतं. केना तर कांडी-कांडीला मूळ सोडतो, ओल्या रानात तोडला म्हणजे लावलाच समजा. केना वेचून बांधाबाहेरच टाकावा लागतो.

शिवारातली

तुम्ही सगळे औजारांबद्दल लिहिताय, निंदणाऱ्या बायांबद्दल कोणीच नाही. मी स्वतः निंदणीला जाते आणि आमची पण थोडी मिरची आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

पहिलं निंदण वेळेवर बोलवा. तण दोन-चार पानांवर असतं तेव्हा एक बाई दिवसभरात जितक्या ओळी काढते, त्याच्या निम्म्यासुद्धा वीतभर तणात निघत नाहीत. मालक म्हणतो आठ दिवस थांबू, एकदमच सगळं निघेल. एकदमच निघत नाही, मजुरी दुप्पट जाते आणि मोठं तण उपटताना रोपाची मुळं सोबत हलतात. बुंध्याला चिकटलेलं मोठं तण उपटू नका, जमिनीलगत विळ्याने कापा. खुरप्याचं टोक बुंध्याला लागलं की तिथूनच कुज सुरू होते.

सकाळी दव असताना किंवा पाऊस नुकताच उघडलेला असताना बायांना मिरचीत घालू नका. ओल्या पानांवरून हात आणि लुगडं फिरलं की पानावरचे ठिपके एका झाडाचे दुसऱ्याला लागतात. दहा वाजता सुरू करू द्या, संध्याकाळी थोडं जास्त थांबतील.

आणि रानात तणनाशक मारलेलं असेल तर आम्हाला सांगा. घोळ, तांदुळजा, चिवळ आम्ही निंदताना ओच्यात घेतो, रात्री त्याचीच भाजी होते. फवारलेल्या रानातली भाजी लेकराबाळांच्या ताटात जाते आणि मालकाच्या ते ध्यानातही नसतं. ही गोष्ट या धाग्यावर सगळ्यांनी वाचावी म्हणून मुद्दाम लिहिली.

वाफसा

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यात वर ठेवायला हवा. फवारणी झाली की बांधावर खूण लावायची पद्धत गावात पडली पाहिजे.

पथारीवाला (नंदुरबार)

ताई, अगदी खरं. पुढच्या वेळी फवारणी केली की आधी मुकादमाला सांगणार.

तणनाशकाचं विचारतो. पेंडीमिथॅलिन मारणारे बरेच आहेत. काहींना गुण येतो, काहींना अजिबात नाही. असं का?

वाफसा

पेंडीमिथॅलिन उगवणाऱ्या तणाच्या कोवळ्या मुळावर आणि कोंबावर काम करतं. उगवून आलेलं तण त्याने मरत नाही, आणि गाठीतून येणारा लव्हाळा तर नाहीच. म्हणून ते जमीन नीट भुसभुशीत, ढेकळं फोडलेली, तण नसलेली आणि ओलसर असताना, लागवडीच्या आधी मारायचं. कोरड्या ढेकळांवर मारलं की ते ढेकळाच्या वरच्या बाजूला बसतं, खालून तण येतच राहतं. शिफारस साधारण हेक्टरी १ किलो सक्रिय घटकाची. ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रावण) असेल तर ते हेक्टरी ३.३ लिटर, म्हणजे एकरी सव्वा लिटरच्या आसपास होतं. हलक्या जमिनीत मात्रा वाढवू नका. आणि त्यानंतर महिनाभराने एक खुरपणी लागतेच, औषधाने ती वाचत नाही. लेबलवर मिरची लिहिलेली आहे ना, ते बघूनच डबा घ्या.

ग्लायफोसेट हे तणनाशक उभ्या मिरचीत ओळींमध्ये, नोझलला हूड (झाकण) लावून मारणारे पाहिलेत. करू नका. ते झाडाच्या हिरव्या खोडातूनही आत जातं. शिवाय आपल्याकडे त्याची मंजुरी चहाच्या मळ्यांपुरती आणि बिगरपिकाच्या जागेपुरती आहे, मिरचीसाठी नाही.

काणकोणकार

आमची गोव्यातली खोला मिरची डोंगराच्या उतारावर पावसात होते. तिथे खोल खणलं की पहिल्याच मुसळधार सरीत माती ओहोळात. म्हणून फक्त झाडाभोवती खुरपून काढतात, मधलं गवत कापून तिथेच झाडाशी अंथरतात. उतारावर तण पूर्ण काढणं हे नुकसानीचं. सपाट रानाचा नियम सगळीकडे लावू नये, एवढंच सांगायचं होतं.

हिरण्यकेशीकाठ (गडहिंग्लज)

वाफसा दादा, पानाची ओळख दिलीत त्याबद्दल आभार. मी ते छापून सोसायटीच्या फळ्यावर लावतोय.

बांधावरच्या गाजर गवताचं काय करायचं? कापलं तर कीड मिरचीत येते म्हणतात, ठेवलं तर व्हायरस.

वाफसा

दोन्ही खरं आहे. गाजर गवत आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता एक बांध सुटलेला नाही. २००० साली आंध्रात अनंतपूर भागात भुईमुगावर जी मोठी साथ आली, तिचा व्हायरस गाजर गवतात लक्षणं न दाखवता राहत होता. फुलकिडे त्याच्या परागकणांवरून तो भुईमुगावर नेत होते. धोत्रा, कामोणी, ओसाडी ही तणंही चुरड्याच्या व्हायरसला आणि पांढऱ्या माशीला आसरा देतात. त्यामुळे बांध हा मिरचीच्या रानाचाच भाग धरा.

वेळ महत्त्वाची. मिरची लागायच्या किमान दोन आठवडे आधी बांध साफ करा, तेव्हा किडीला जायला मिरचीच नसते. मिरची उभी असताना बांध हिरवागार राहिलाच असेल तर एकदम सगळा कापू नका. आधी मिरचीच्या कडेच्या ओळींवर किडीसाठी फवारणी, मग एकेक बाजू कापायची. गाजर गवत फुलात यायच्या आत उपटायचं, आणि हातात मोजे घालूनच. अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो.

काळी_जमीन (भोकरदन)

एक शेवटचं. आमच्या एका पाहुण्यांच्या मिरचीत अमरवेल आलीय, पिवळ्या दोऱ्यांसारखी. मिरचीवर बसलेली ओढून काढली तरी परत येते.

धानपट्टा (भिवापूर)

ओढून काढू नका. तिचा बोटभर तुकडा झाडाला गुंडाळलेला राहिला तरी पुन्हा वाढते. जितकी झाडं तिच्या वेटोळ्यात आहेत ती झाडासकट कापून, पोत्यात भरून, बांधाबाहेर नेऊन जाळा. जीव तुटतो, पण फुलं यायच्या आत केलं तर बी पडत नाही. बी पडलं तर ते जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पाहुण्यांना पुढची दोन-तीन वर्षं त्या तुकड्यात ज्वारी किंवा मका घ्यायला सांगा, त्यावर ती पोसत नाही. आणि बियाणं कुठून आणलं, शेणखत पूर्ण कुजलेलं होतं का, हे आधी विचारा. अर्धकच्च्या खतातून ती येते. त्याच ढिगातलं खत दुसऱ्या कुठल्या वावरात टाकलं असेल तर तिथेही आत्ताच फिरून बघायला सांगा.